त्रेचाळीस मिलिमीटर पाणी आणि गाडीच्या पोटाखालचे झाकण

पावसाळ्याच्या अखेरीस खंडवा रस्त्याने इंदूरला परत येताना माझ्या 2008 सालच्या हॅचबॅकच्या पुढच्या भागातून, वेग चाळीसच्या वर गेला की, वाळलेल्या पत्रावळी फरफटत नेल्यासारखा आवाज येऊ लागला आणि वेग कमी केला की तो थांबू लागला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी वर उचलल्यावर कारण दिसले. इंजिनाखालचा काळ्या प्लॅस्टिकचा ट्रे पुढच्या कडेला फाटून जिभेसारखा लोंबत होता. मेकॅनिकने तो दोन बोटांनी हलवून पाहिला आणि अस्सल इंदुरी थाटात निकाल दिला: “भिया, इसको निकाल के फेंको, इंजन उल्टा ठंडा रहेगा.” हा सल्ला मला यापूर्वीही अनेकांनी दिला आहे आणि त्यांपैकी एक जण तर शिकलेला अभियंता आहे. झाकण काढले की वाफ निघून जाते आणि पातेले लवकर निवते, हे आपण घरी रोज पाहत असल्यामुळे तो पटकन पटतो. चालत्या गाडीत मात्र हिशेब बराच निराळा असतो आणि माझ्या मते तो फार सुंदर आहे.

आधी एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्याकडे अनेक गाड्यांना खाली लोखंडी ‘चेंबर गार्ड’ लावलेला असतो. गॅरेजच्या भाषेत चेंबर म्हणजे इंजिन ऑइल साठवणारे तळाचे भांडे, आणि गतिरोधकावर किंवा दगडावर आपटून ते फुटू नये एवढेच त्या गार्डाचे काम असते. अर्ध्या चौरस मीटरचा, तीन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा जवळजवळ 12 किलो भरतो, तर त्याच मापाचा पॉलिप्रॉपिलीन या हलक्या प्लॅस्टिकचा ट्रे दीड किलोच्या आतच राहतो. हा हलका ट्रे दगडाशी झुंजण्यासाठी बनवलेला नाही. चिखल आणि पाणी इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यांवर व वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर उडू न देणे, आवाज थोडा दाबणे आणि हवेला वळण लावणे ही त्याची कामे. यातले हवेचे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

पेट्रोल किंवा डिझेल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली शीतक द्रवामार्फत रेडिएटरमध्ये येऊन हवेच्या स्वाधीन केली जाते. महामार्गावर रेडिएटरला 20 किलोवॉट उष्णता हवेला द्यायची आहे आणि रेडिएटरमधून जाताना हवा 30 अंशांनी तापते, असे धरू. एक किलो हवा एका अंशाने तापवायला सुमारे एक किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे दर सेकंदाला साधारण 670 ग्रॅम हवा लागेल आणि तिचे आकारमान होईल 600 लिटरच्या आसपास. दोनशे लिटरची तीन पिंपे भरतील एवढी हवा दर सेकंदाला त्या बारीक पापुद्र्यांतून आत शिरली पाहिजे, आणि मुख्य म्हणजे तेवढीच हवा दर सेकंदाला इंजिनाच्या कोठीतून बाहेरही पडली पाहिजे. हा दुसरा भाग आपण विसरतो. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजा सताड उघडा ठेवला तरी मागच्या बाजूचा झरोका बंद असेल, तर माजघरात वाऱ्याची झुळूकही येत नाही. इंजिनाच्या कोठीची गत हीच आहे.

हवा रेडिएटरमधून जाते ती पुढचा दाब जास्त आणि मागचा दाब कमी असतो म्हणून. पुढचा दाब गाडीच्या वेगातून मिळतो. बंपरवर येऊन थबकलेल्या हवेचा दाब तिच्या घनतेच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग इतका वाढतो, हे डॅनिएल बर्नुलीच्या नावाने शाळेत शिकवले जाते. त्याचा द्रवगतिकीवरचा ग्रंथ 1738 सालचा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे येथील हवा किंचित विरळ आहे आणि 30 अंश तापमानाला तिची घनता दर घनमीटरला सुमारे 1.09 किलो भरते. ताशी 100 किलोमीटर वेगाला वाढीव दाब येतो सुमारे 420 पास्कल. हा आकडा ऐकायला मोठा असला तरी पाण्याच्या भाषेत तो अवघा 43 मिलिमीटर उंचीचा स्तंभ आहे, म्हणजे अर्ध्या पेल्याहूनही कमी. वेग निम्मा केला की दाब एक चतुर्थांश होतो आणि स्तंभ 11 मिलिमीटरवर येतो. ताशी 25 किलोमीटरला तो तीन मिलिमीटरही भरत नाही. इंजिन थंड राखण्याची सारी भिस्त एवढ्याशा दाबावर आहे, आणि म्हणून त्यातले पाच-दहा मिलिमीटर मागच्या बाजूने गमावणे परवडत नाही.

ते गमावले जातात असे. ट्रे जागेवर असला की बंपरच्या खालून जाणारी हवा त्याच्या सपाट तळाला लगटून सरळ मागे निघून जाते. ट्रेच्या मागच्या कडेपाशी ही वेगवान हवा कोठीतली गरम हवा स्वतःबरोबर ओढून नेते, म्हणजे झरोक्याच्या तोंडाशी कोणी तरी सतत फुंकर घालत असते. ट्रे काढला की तीच खालची हवा उघड्या पडलेल्या चेंबरवर, गिअरबॉक्सवर आणि आडव्या तुळईवर आदळते, थबकते आणि थबकल्यामुळे तिचा दाब वाढतो. आता हा वाढीव दाब नेमका रेडिएटरच्या मागे उभा राहतो. पुढून 43 मिलिमीटर ढकलत असताना मागून काही मिलिमीटर उलटे ढकलू लागले, तर रेडिएटरमधून जाणारी हवा कमी होणारच. कोठीत वारे भरपूर खेळत असते आणि उघड्या इंजिनाला ते लागतेही. पण ज्या हवेने रेडिएटरची उष्णता घ्यायची तिचाच मार्ग तुंबतो. सर्वच गाड्यांत हा परिणाम सारखा नसतो. काही जुन्या गाड्या मुळातच ट्रेशिवाय आखलेल्या होत्या आणि त्यांच्या बाबतीत प्रश्नच उद्भवत नाही.

मेकॅनिकच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, हेही सांगितले पाहिजे. गाडी उभी असताना ट्रे नसेल तर कोठीतील रबरी नळ्या आणि बॅटरी थोड्या कमी तापू शकतात. पण कोठीचे तापमान आणि शीतक द्रवाचे तापमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तापमानाचा काटा मध्यावर राहिला म्हणून काही बिघडले नाही, असा निष्कर्षही काढता येत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे शीतक द्रवाला रेडिएटरकडे सोडणारी झडप, बहुतेक गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडू लागते आणि हवा कमी पडली की अधिक उघडून ती उणीव झाकते. उणीव उघडी पडते ती मे महिन्यात, चार माणसे आणि सामान भरून, एसी चालू ठेवून भेरूघाट चढताना. शिवाय सिग्नलला गाडी उभी असताना पंख्याने मागे फेकलेली गरम हवा बंपरखालच्या फटीतून वळसा घालून पुन्हा रेडिएटरच्या तोंडाशी येऊ शकते. एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे बसवलेला असल्यामुळे ही उष्टी हवा आधी त्याच्या वाट्याला येते आणि थंडावा कमी झाल्याची तक्रार सुरू होते. ही वाट अडवण्याचे काम ट्रेची पुढची कड करते.

माझे समाधान कागदावरच्या हिशेबाने होत नसल्यामुळे मी गवंड्याकडून लेव्हलची पारदर्शक नळी मागून घेतली. तिला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक देऊन एका फळीवर बसवले, आत कुंकू घातलेले पाणी भरले आणि दोन बारीक नळ्यांपैकी एकीचे तोंड रेडिएटरच्या पुढे, दुसरीचे मागे ठेवले. मोकळ्या बायपासवर मी गाडी चालवत होतो आणि माझा पुतण्या शेजारी बसून लाल पातळ्यांकडे पाहत होता. पाणी सतत डोलत असल्यामुळे आकडा नोंदवण्याच्या लायकीचा नव्हता आणि या खटाटोपाला प्रयोग म्हणण्याचे धाडसही मी करणार नाही. तरीही नवा ट्रे बसवल्यावर त्याच वेगाला दोन पातळ्यांमधील अंतर वाढलेले पुतण्याने न विचारता सांगितले.

खालच्या सपाट तळाचा दुसरा फायदा हवेचा विरोध कमी होण्याचा आहे. साधारण हॅचबॅकला ताशी 100 किलोमीटर वेगाने नुसती हवा कापायला आठ किलोवॉटच्या आसपास शक्ती खर्चावी लागते आणि ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आमच्या शेजारी पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राची 11.3 किलोमीटर लांबीची अतिवेगवान चाचणी धावपट्टी 2021 साली सुरू झाली. अशा धावपट्टीवर गाडीला वेग देऊन, ती न्यूट्रलमध्ये सोडून, तिचा वेग किती वेळात घटतो यावरून असा विरोध मोजण्याची पद्धत वाहन उद्योगात रूढ आहे. शहरात चाळीसच्या वेगाने फिरणाऱ्याने मात्र ट्रे बदलल्यामुळे मायलेज वाढेल ही आशा धरू नये, आणि तसे सांगून शेपटीला प्लॅस्टिकचे पंख विकणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये.

नवा ट्रे घेतलेला पाहून एका परिचितांनी बंपरला लिंबू-मिरची बांधण्याची आठवण करून दिली, कारण त्यांच्या मते जुन्याला नजर लागली होती. जुना ट्रे मी टेबलावर ठेवून नीट पाहिला. त्यात माळव्याच्या काळ्या मातीचा वाळलेला थर, कडुलिंबाची पाने आणि मागच्या कोणत्या तरी सर्व्हिसिंगमध्ये हरवलेला दहा नंबरचा नट होता. चीर नेमकी एका स्क्रूच्या भोकापासून सुरू झाली होती. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असेल तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे गणित कीर्श या जर्मन अभियंत्याने 1898 साली मांडले. एकदा बारीक चीर पडली की तिच्या टोकाशी हा गुणाकार आणखी वाढतो. मागे तेल बदलताना दोन स्क्रू लावायचे राहून गेले होते, त्यामुळे त्यांचा भार शेजारच्या भोकावर आला. नजर लागली असेलच, तर ती त्या दोन स्क्रूंची.

चीर गोंदाने चिकटवण्याचा प्रयत्न मी आधी केला होता. झटपट चिकटणारे गोंद पॉलिप्रॉपिलीनवर ओले होऊन पसरतच नाहीत, कमळाच्या पानावरच्या थेंबासारखे गोळा होतात आणि वाळल्यावर नखाने सुटून येतात. गरम हवेने त्याच प्लॅस्टिकची पट्टी वितळवून सांधा देता येतो, पण 16 वर्षे उष्णता आणि तेल सोसलेले प्लॅस्टिक सांध्याच्या शेजारी पुन्हा तडकते.

बसवताना मेकॅनिकशी माझा एका मुद्द्यावर वाद झाला. ट्रेची काही भोके लांबट असतात आणि तो त्यांतले स्क्रू करकचून आवळू पाहत होता. पॉलिप्रॉपिलीन उष्णतेने लोखंडाच्या कितीतरी पट प्रसरण पावते. 80 सेंटिमीटरचा ट्रे 60 अंशांनी तापला तर सुमारे 5 मिलिमीटर लांबतो, आणि तेवढ्याच लांबीची लोखंडी चौकट जेमतेम अर्धा मिलिमीटर. हा फरक जिरवण्यासाठी ते लांबट भोक आणि त्याखालचा रुंद वॉशर दिलेला असतो. तेथे ट्रे सरकायला हवा. हे ऐकल्यावर त्याने पाना अर्धा फेरा मागे घेतला.

बाजारात मिळालेल्या ट्रेला पुढच्या कडेची रबरी पट्टी नव्हती आणि बंपर व ट्रे यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट राहत होती, म्हणजे गरम हवेला वळसा घालायला मोकळी वाट. जुन्या ट्रेची पट्टी शाबूत होती. ती सोडवून, धुऊन मी नव्यावर चढवली आणि आता त्या फटीत पोस्टकार्डही अडकते.