हनुवटीखालून फिरलेली बोटं

परांचीवर बसलेला गवंडी खाली बघून ओरडतो, "माल!" खालचा बिगारी सिमेंट-वाळूचं घमेलं उचलून वर देतो. तोच शब्द किराणा दुकानापाशी कुणी उच्चारला तर टेम्पोतून पोती उतरतात. गवंड्याच्या त्या हाकेत कर्ता नाही, क्रियापद नाही. व्याकरणाच्या मास्तरांनी तिला वाक्य म्हणून पास केलं नसतं. काम मात्र अडत नाही.

ऑस्ट्रियात जन्मलेला तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइन याच्या 'फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स' या पुस्तकात अगदी सुरुवातीलाच असा एक गवंडी आणि त्याचा मदतनीस भेटतात. त्यांच्याकडे शब्द फक्त चार: ठोकळा, खांब, लादी, तुळई. एकाने ओरडायचं, दुसऱ्याने ती वस्तू आणून द्यायची. हीच त्यांची संपूर्ण भाषा आहे असं समजा, असं विट्गेनश्टाइन सांगतो, आणि मग शब्दाचा अर्थ नेमका कुठे असतो ते शोधायला लागतो. बहुतेक वेळा तो त्या शब्दाच्या वापरात सापडतो, हे त्याचं म्हणणं.

गंमत म्हणजे तरुणपणी याच माणसाने जवळजवळ उलटं सांगितलं होतं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात असताना, १९१४ साली, त्याने आपल्या वहीत पॅरिसच्या न्यायालयाचा उल्लेख केला आहे. तिथे मोटार अपघात समजावून सांगण्यासाठी बाहुल्या मांडत. बाहुली म्हणजे माणूस, खेळण्यातली गाडी म्हणजे मोटार. त्यांची आपसातली मांडणी म्हणजे घडलेली घटना. वाक्यही असंच असतं, वास्तवाचं चित्र, असं त्याने ठरवलं. वाक्य आणि ते ज्याबद्दल आहे ती घटना यांचा तार्किक आकार, म्हणजे त्यांच्या भागांची आपसातली मांडणी, एकच असला पाहिजे. १९२१ साली आलेलं 'ट्रॅक्टेटस' हे छोटेखानी पुस्तक या विचारावर उभं आहे. ते लिहून झाल्यावर तत्त्वज्ञानाचे मुख्य प्रश्न सुटले असं मानून तो ऑस्ट्रियातल्या खेड्यांत प्राथमिक शाळेचा मास्तर झाला.

१९२९ साली तो केंब्रिजला परतला. तिथे त्याची गाठ पडली पिएरो स्राफाशी. स्राफा इटालियन, तुरीनचा, अर्थशास्त्रज्ञ. नामवंत अर्थशास्त्रज्ञ केन्स याच्या बोलावण्यावरून १९२७ साली तिथे आलेला. दोघांचे वाद रंगायचे. विट्गेनश्टाइनचा शिष्य नॉर्मन माल्कम याने एक किस्सा लिहून ठेवला आहे. वाक्याला तार्किक आकार असतोच असा हट्ट चालला असताना स्राफाने बोटांची टोकं हनुवटीखालून बाहेरच्या दिशेने झटकली. नेपल्सकडे ही खूण तुच्छता दाखवायला करतात. आणि विचारलं, "याचा तार्किक आकार कोणता?"

आपल्याकडे कुणी ठेंगा दाखवला तर अंगठा कशाचं चित्र आहे हे आपण विचारत नाही. ठेंगा म्हणजे काय ते कळतं, कारण तो कधी, कुणाला आणि कशासाठी दाखवतात हे आपल्याला ठाऊक असतं. स्राफाचा मुद्दा तोच.

किस्सा तंतोतंत तसाच घडला की नाही, कोण जाणे. अमर्त्य सेन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात स्राफाचे विद्यार्थी होते. त्यांनी विचारल्यावर स्राफाला तो विशिष्ट प्रसंग आठवेना. विट्गेनश्टाइनशी आपण इतका वाद घातला की बोटांना फारसं बोलावं लागलं नाही, अशा अर्थाचं त्याने सांगितलं. वर, आपला मुद्दा तसा उघडच होता, असंही त्याला वाटत असे. पण 'इन्व्हेस्टिगेशन्स'च्या प्रस्तावनेतली कबुली छापील आहे: या पुस्तकातल्या सर्वांत महत्त्वाच्या कल्पनांसाठी मी स्राफाचा ऋणी आहे.

जे एका मोठ्या तत्त्वज्ञाला वर्षानुवर्षं घाम फोडत होतं, ते या अर्थशास्त्रज्ञाला उघड का वाटावं? उत्तराचा एक धागा तुरीनला जातो. १९१९ पासून स्राफाची आंतोनिओ ग्राम्शीशी मैत्री होती. ग्राम्शी कम्युनिस्ट पुढारी म्हणून प्रसिद्ध, पण शिकला होता भाषाशास्त्र. मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ साली त्याला अटक केली आणि पुढे वीस वर्षांहून जास्त शिक्षा ठोठावली. स्राफाने मिलानच्या एका पुस्तकविक्रेत्याकडे त्याच्या नावाने खातं उघडून दिलं. हवी ती पुस्तकं मागव, पैसे मी भरीन.

ग्राम्शी इटलीच्या सार्डिनिया बेटावरचा. १९२७ साली तुरुंगातून बहिणीला लिहिलेल्या पत्रात तो काकुळतीने सांगतो, मुलांना सार्डिनियन बोलू द्या. लहान भाचीला ती मोकळेपणाने बोलू दिली नाही ही चूक झाली, तिच्या कल्पनाशक्तीला जखडून टाकलं. मला त्याच्या सगळ्या राजकीय लिखाणापेक्षा हे पत्र जास्त बोलकं वाटतं.

कैदेत असताना त्याने बऱ्याच वह्या लिहिल्या. त्यातली १९३५ सालची एकोणतिसावी वही व्याकरणावर आहे. व्याकरण फक्त पुस्तकात नसतं, असं तो तिथे म्हणतो. "म्हणजे काय म्हणायचंय तुला?", "नीट सांग की!" असं आपण एकमेकांना टोकतो, कुणाच्या बोलण्याची नक्कल करून हसतो, तेव्हाही व्याकरणच चालू असतं. मराठी शाळेत 'पानी' म्हणणाऱ्या पोरावर वर्ग खिदळतो, तेव्हा कुणी नियमाचं पुस्तक उघडलेलं नसतं. प्रमाण कोणतं हे मात्र त्या हसण्यातून पक्कं होतं. ग्राम्शी पुढे जाऊन सांगतो, भाषेचा प्रश्न जेव्हा जेव्हा डोकं वर काढतो, तेव्हा त्याच्यामागे सत्ता कुणाची आणि राज्यकर्त्यांचं लोकांशी नातं कसं, हे प्रश्न उभे असतात. त्याच्या देशाला याचा अनुभव होता. १८६१ साली इटली एक झाली तेव्हा इटालियन बोलणारे, एका अंदाजानुसार, जेमतेम अडीच टक्के होते.

ग्राम्शीचे विचार स्राफामार्फत विट्गेनश्टाइनकडे गेले, असं सरळ सूत्र काही जण मांडतात. मला ते पटत नाही. व्याकरणावरची ती वही लिहिली गेली तोवर विट्गेनश्टाइन नव्या विचाराकडे आधीच वळला होता. पण भाषा ही माणसामाणसांत चाललेली उठाठेव आहे, हे तुरीनच्या त्या मंडळींना अंगवळणी पडलेलं होतं, एवढं म्हणायला हरकत नाही. विट्गेनश्टाइन स्वतः राजकारणावर जवळपास गप्पच राहिला.

१९४६ साली स्राफाने नेमाच्या गप्पा बंद केल्या. त्याला वेळ नव्हता आणि तो थकलाही होता. विट्गेनश्टाइनने विनवलं, मी कशावरही बोलायला तयार आहे. "हो," स्राफा म्हणाला म्हणतात, "पण तुमच्या पद्धतीने."