पॉलिश केलेल्या हेडलाइटची चमक किती टिकते?

उसाचा हंगाम सुरू झाला की सोलापूर-पुणे रस्त्यावर रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या दिसतात, आणि फार उशिरा दिसतात. त्यात आपल्या गाडीचे हेडलाइट पिवळे, धुरकट झालेले असतील तर धोका आणखी वाढतो. धुरकट पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो. रस्ता अंधुक राहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. म्हणून हेडलाइट घासून पॉलिश करून घेणं चांगलंच आहे. पण ही चमक टिकणार किती, हे त्यावर नंतर काय लावलं यावर ठरतं, आणि नेमकं तेच गॅरेजमध्ये फारसं कुणी विचारत नाही.

जुन्या ॲम्बेसेडर-पद्मिनीच्या हेडलाइटला खरी काच असे, ती पिवळी पडत नसे. आता तिच्या जागी पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक असतं. 1953 मध्ये जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांना ते स्वतंत्रपणे गवसलं. हलकं, दगड लागला तरी सहसा न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. उन्हातले अतिनील किरण मात्र त्याला सोसत नाहीत. रेणूंमधले बंध तुटतात, पिवळसर संयुगं तयार होतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो. म्हणून कारखान्यातच त्यावर साधारण दहा मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कडक संरक्षक थर देतात. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो. उघड्यावर लावलेल्या गाडीचा हा थर काही वर्षांत झिजतो.

वॉटर पेपरने, म्हणजे पाण्यासोबत वापरायच्या बारीक पॉलिश पेपरने, घासताना पिवळेपणा जातो, पण कारखान्यातल्या थराचं जे काही उरलेलं असतं तेही जातं. टूथपेस्टने घासलं तरी उघडं पॉलिकार्बोनेटच उरतं. नुसतं बफिंग करून, म्हणजे फिरत्या पॅडने चमकवून, सोडलेला हेडलाइट आपल्याकडच्या उन्हात काही महिन्यांतच पुन्हा मळकट दिसू लागतो.

म्हणून घासल्यावर वरून नवा संरक्षक थर द्यावा लागतो. वॅक्स काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतं. चांगलं सिरॅमिक कोटिंग साधारण वर्षभर, कधी दोन वर्षं. हार्डनर घालून मारलेला टू-के (दोन घटकांचा) क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकर, काम नीट झालं असेल तर, दोन-तीन वर्षं किंवा त्याहून जास्त. हा फरक का पडतो, ते समजून घेण्यासारखं आहे. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारे रेणू मिसळलेले असतात. असा रेणू किरण शोषतो, त्याच्यातला एक प्रोटॉन क्षणभर जागा बदलतो, ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते आणि रेणू पुन्हा पूर्ववत होतो. हे चक्र अगणित वेळा चालतं, पण अधूनमधून एखादा रेणू कायमचा मोडतो. हळूहळू साठा संपत जातो. चाळीस-पन्नास मायक्रोमीटरच्या थरात हा साठा मोठा असतो आणि किरण खालपर्यंत पोचायच्या आत बरेचसे अडतात. वॅक्सचा थर इतका पातळ की त्यात साठवण्यासारखं फारसं काही मावतच नाही.

चांगला क्लिअर कोटही कधीकधी पापुद्रे धरून सुटतो. बहुतेक वेळा खाली पिवळा थर अर्धवट राहिलेला असतो, किंवा हाताचं तेल, वॅक्स पुसलेलं नसतं. शिवाय उष्णतेने पॉलिकार्बोनेट काचेच्या जवळजवळ सातपट प्रसरण पावतं. दुपारी चटका बसेल इतकी तापलेली आणि पहाटे गार झालेली गाडी त्या थराला रोज ताणते आणि आकसवते. आणखी एक गोष्ट पेंटरला आवर्जून सांगावी: हेडलाइट थिनर किंवा ॲसिटोनने पुसू नये. त्याने पॉलिकार्बोनेटमध्ये बारीक भेगा पडतात आणि त्या पॉलिशने जात नाहीत.

हेडलाइटचा आकाशाकडे वळलेला वरचा भाग आधी पिवळा पडतो, म्हणून उन्हाळा संपला की तिथेच बघावं. वॅक्स किंवा सिरॅमिक असेल आणि पृष्ठभाग अजून स्वच्छ असेल, तर धुऊन नवा थर देता येतो. क्लिअर कोट सुटू लागला असेल तर मात्र तेवढ्याच जागी डागडुजी जमत नाही, सगळा थर घासून काढून पहिल्यापासून काम करावं लागतं.