तरंगाचा वेग, तरंगलांबी आणि वारंवारता

कुठल्याही तरंगासाठी वेग = वारंवारता × तरंगलांबी. दोन लागोपाठच्या शिखरांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी, आणि एका सेकंदात एखाद्या जागेवरून किती शिखरं जातात ती वारंवारता म्हणजे फ्रिक्वेन्सी, ती हर्ट्झमध्ये मोजतात. सेकंदाला ५ तरंग निघाले, प्रत्येक २ मीटर लांब, तर सेकंदाभरात पहिला तरंग १० मीटर पुढे गेलेला असणारच, सूत्रात याहून जास्त काही नाही.

खरा गोंधळ पुढे होतो. फ्रिक्वेन्सी वाढवली की वेग वाढतो असं बऱ्याच जणांना वाटतं, सूत्र बघून तसं वाटणं साहजिकच आहे म्हणा, पण सहसा तसं होत नाही. फ्रिक्वेन्सी ठरवतो स्रोत, वेग ठरवतं माध्यम, आणि तरंगलांबी बिचारी या दोघांच्या हिशोबातून जी येईल ती. हवेत २० अंश सेल्सिअसला आवाज साधारण ३४३ मीटर प्रति सेकंद जातो, मग तो २० हर्ट्झचा असो की २०,००० चा. फक्त पहिल्याची तरंगलांबी १७ मीटर होते आणि दुसऱ्याची १.७ सेंटीमीटर. तोच आवाज पाण्यात शिरला की वेग चौपटीहून जास्त, फ्रिक्वेन्सी तीच, म्हणून तरंगलांबीही तितक्याच पटीने वाढते. प्रकाशाचं उलटं, पाण्यात तो मंदावतो आणि तरंगलांबी आखडते.

रेडिओलाही हेच लागू, १०० मेगाहर्ट्झचं एफएम स्टेशन म्हणजे ३ मीटरचे तरंग.

हेलियम ओढून बोललं की आवाज चिरका का होतो? घशातोंडाची पोकळी तीच, म्हणजे तिच्यात बसणारी तरंगलांबी तीच, पण हेलियममध्ये आवाजाचा वेग हवेच्या जवळपास तिप्पट, त्यामुळे पोकळीच्या अनुनादाच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे ज्या ती पोकळी उचलून मोठ्या करते त्या, वर जातात. स्वरतंतू मात्र जवळपास पूर्वीसारखेच कंप पावत असतात.

काही माध्यमांत वेग तरंगलांबीवरही अवलंबून असतो, याला अपस्करण म्हणतात. खोल समुद्रात १०० मीटर लांबीच्या लाटेचा वेग सुमारे १२.५ मीटर प्रति सेकंद, ४०० मीटरवालीचा २५. म्हणून दूरच्या वादळातून निघालेल्या लाटांपैकी लांब लाटा किनाऱ्यावर आधी पोचतात, आखूड मागून येत राहतात.