पोर खुजं की पट्टी वाकडी?

बरोब्बर दोन वर्षांचा मुलगा, उभा करून मोजला तर ८१.२ सेंटीमीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात त्या वयाच्या मुलग्यासाठी खुजेपणाची रेषा ८१.० वर आहे, म्हणजे हा पोरगा काठावर पास. आता त्याला गोवंडीतल्या एखाद्या अंगणवाडीत मोजा, दहा बाय दहाची खोली, भिंत धड सरळ नाही, सेविका डोकं धरतेय, मदतनीस गुडघे दाबतेय, पोरगं भोकाड पसरून टाचा उचलतंय आणि बाहेर आई घाई करतेय कारण तिला कामावर जायचंय. अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झालं की निकाल फिरला. बरं, जन्मतारीखच चुकीची लिहिली गेली असेल आणि पोरगं खरं तर सव्वीस महिन्यांचं असेल तर रेषा सरकते ८२.५ वर, मग उंची तीच पण मुलगा सरळ खुजा. त्यात आणखी एक गंमत, दोन वर्षांखालच्या बाळाला झोपवून मोजायचं आणि वरच्याला उभं करून, आणि एकाच मुलाच्या ह्या दोन मापांत साधारण ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो.

हे सगळं किरकोळ वाटतं पण ह्याच मापांची बेरीज होत होत ती मंत्रालयात पोचते आणि तिथे ठरतं की पोषणाचा पैसा कुठल्या जिल्ह्यात किती जाणार.

माप चांगलं घेतलंय की नाही हे दिल्लीमुंबईत बसून कसं कळणार? कळतं, आणि युक्ती मस्त आहे. हजारो मुलांच्या उंचीतला दशांशानंतरचा आकडा बघायचा. ० ते ९ सगळे आकडे साधारण सारखेच यायला हवेत, प्रत्येकी दहा टक्के. .० आणि .५ वरच गर्दी दिसली तर समजायचं की कोणीतरी पट्टी न वाचता अंदाजाने लिहितंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारख्या मोठ्या सर्व्हेंचा डेटा असाच तपासला जातो, आणि ह्या सर्व्हेची मुख्य संस्था आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, कुठे आहे माहितीये? देवनारला, गोवंडी स्टेशनपासून अगदी जवळ. म्हणजे देशातल्या कुपोषणाचा हिशोब ज्या भागात होतो तिथूनच थोड्या अंतरावर मुंबईतल्या सगळ्यात गरीब वस्त्या आहेत.

आता दोन आकडे शेजारी ठेवून बघू. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातली ३५.५ टक्के मुलं खुजी निघाली, आणि १९.३ टक्के लुकडी, म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी (महाराष्ट्रात तर लुकडी २५.६ टक्के, आणि आधीच्या सर्वेक्षणातही २५.६च, पाच वर्षांत तसूभर हललं नाही). अंगणवाड्यांतून पोषण ट्रॅकर ॲपवर जे भरलं जातं त्याचे २०२४ मध्ये सरकारने दिलेले आकडे बघा, खुजी ३६ टक्के, लुकडी ६ टक्के. उंचीचा आकडा जवळजवळ जुळतो आणि वजनाचा एकदम तिपटीने कमी!

ह्याला सरळ कारणंही असतील, वर्षं वेगळी, सर्व्हेवाले घरोघर जातात आणि ॲपवर फक्त नाव नोंदवलेली मुलं येतात. पण माझ्या मते एक कारण दबावाचंही असावं. खुजेपणा वर्षानुवर्षांचा, त्याचा जाब सेविकेला कोणी विचारत नाही. लुकडेपणा मात्र ‘आत्ताचा’, त्यातूनच सॅम म्हणजे तीव्र कुपोषित मूल ठरतं, मग रेफर करा, पाठपुरावा करा, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐका, तुमच्याच बीटमध्ये (एका मुख्यसेविकेकडच्या अंगणवाड्यांच्या गटात) सॅम कसे वाढले? तुटपुंज्या मानधनावर राबणारी बाई काय करेल? काट्यावर शंभर ग्रॅम वाढवून लिहील आणि सुटेल, मला तर तिचा रागही येत नाही.

नीट मोजलं तर काय होतं ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावागावात जन्म आणि मृत्यू स्वतः मोजायला घेतले, तेव्हा हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. मग ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली, तिसऱ्या वर्षी तुलनेत मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी! हे १९९९ मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून देशभर आशाताई ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जातात त्याचं मूळ इथे आहे. ती शेजारची गावं मोजली नसती तर कोणीही म्हणालं असतं, पाऊसपाणी बरं झालं असेल.

आणि मुंबईची गोष्ट उलटी आहे, मला ती जास्त आवडते. नेपाळमध्ये गावातल्या बायकांचे गट करून बाळंतपणावर चर्चा घडवल्या तर नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी घटले होते. तोच प्रयोग ‘स्नेहा’ संस्थेने लंडनच्या संशोधकांबरोबर मुंबईतल्या ४८ वस्त्यांत केला, निम्म्या वस्त्यांत गट आणि निम्म्यांत नाही, तीन वर्षं राबले आणि फायदा शून्य. इथे बहुतेक बाळंतपणं आधीच हॉस्पिटलात होत होती, त्यामुळे गावातला उपाय शहरात तसाच चालला नाही. त्यांनी हे लपवलं नाही, २०१२ मध्ये छापलं. नाहीतर त्याच गटांवर आणखी दहा वर्षं पैसे गेले असते आणि सगळ्यांना वाटलं असतं काम चाललंय.

म्हणून नवीन ॲप काढण्यापेक्षा मला साधी गोष्ट हवीये, दर महिन्याला प्रत्येक बीटमधली थोडी मुलं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि दुसऱ्याच बाईने दुसऱ्या काट्यावर परत मोजायची, आणि मुख्यसेविकेने मीटिंगमध्ये सॅम का वाढले हे विचारायच्या आधी दोन मापांत फरक किती आला ते विचारायचं. ह्याला फार पैसा लागत नाही, एक धड सरळ उभी राहणारी पट्टी आणि शून्यावर येणारा काटा लागतो, आणि तो प्रत्येक अंगणवाडीत हवा.