बुरशीद्वारे पीक-अवशेषांचे शर्करीकरण

धान्य किंवा फळ काढून घेतल्यावर उरणाऱ्या धाटे, पेंढा, पाचट व काड्यांमधील सेल्युलोज (ग्लुकोजच्या लांब साखळ्या) आणि हेमीसेल्युलोज (झायलोजसारख्या शर्करांच्या साखळ्या) यांचे बुरशीच्या विकरांकरवी (एन्झाइमांकरवी) विघटन करून ग्लुकोज, झायलोज यांसारख्या साध्या शर्करा मिळवण्याच्या प्रक्रियेस बुरशीद्वारे शर्करीकरण म्हणतात. या शर्करांपासून पुढे मुख्यतः इथेनॉल तयार करतात.

नाशिक जिल्ह्यात हा कच्चा माल तालुक्यागणिक बदलतो. येवला, चांदवड, मालेगाव या भागांत मक्याची धाटे व बुरकुंडे (दाणे काढल्यावर उरणारा कणसाचा गाभा), निफाड-दिंडोरीत उसाचे पाचट आणि द्राक्षबागांतील छाटणीच्या काड्या, तर इगतपुरी, पेठ, सुरगाणा या पावसाळी पट्ट्यात भाताचा पेंढा मिळतो. धाटे व पेंढा यांवर पहिला हक्क जनावरांचा आहे. त्यामुळे शर्करीकरणासाठी आधी विचार व्हायला हवा तो बुरकुंडांचा आणि अनेकदा फडातच पेटवून दिल्या जाणाऱ्या पाचटाचा.

अशा अवशेषांच्या कोरड्या वजनात साधारणतः ३५ ते ४५ टक्के सेल्युलोज असते. परंतु त्याचे धागे हेमीसेल्युलोज व लिग्निन (लाकडाला ताठपणा देणारा चिवट पदार्थ) यांच्या वेढ्यात घट्ट बसलेले असल्याने विकरांना तेथवर सहज पोहोचता येत नाही. हा वेढा सैल करणे, म्हणजेच पूर्वप्रक्रिया, हे यातील सर्वांत खर्चिक कामांपैकी एक होय. उद्योगात त्यासाठी वाफ, सौम्य आम्ल किंवा अल्क वापरतात. श्वेतकुज बुरशी हेच काम लॅकेज व पेरॉक्सिडेज या विकरांनी करतात. बांधावर टाकलेली द्राक्षाची काडी पावसाळ्यात या बुरशीने धरली, की सालीखाली पांढरे तंतू पसरतात आणि लाकूड फिकट, मऊ, रेषारेषांचे होते. धिंगरी अळिंबी याच गटातील आहे. मात्र ही पद्धत काही आठवडे घेते आणि तेवढ्या काळात बुरशी शर्करेचा काही भाग स्वतःच खाऊन टाकते, ही तिची खरी मर्यादा आहे.

सेल्युलोज तोडणाऱ्या विकरांसाठी ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी सर्वाधिक वापरली जाते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजवणाऱ्या बुरशींमध्ये ती सापडली. नाशिकचे बागायतदार मुळकुजीसारख्या रोगांविरुद्ध जमिनीत जे ट्रायकोडर्मा सोडतात, ते याच प्रजातीतील (जीनस), पण वेगळ्या जातींचे (स्पीशीज) असते. ट्रायकोडर्मा रीसायच्या विकरांचे काम वाटलेले आहे: एंडोग्लुकॅनेज साखळी मध्येच तोडते, सेलोबायोहायड्रोलेज टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजांचे सेलोबायोज सुटे करते आणि बीटा-ग्लुकोसिडेज त्याचे ग्लुकोज बनवते. हे शेवटचे विकर ट्रायकोडर्मा रीसाय पुरेसे सोडत नाही आणि साचलेले सेलोबायोज आधीच्या विकरांनाच अडवते. म्हणून ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या विकराची जोड देतात.

विकरे वेगळी तयार करून, पूर्वप्रक्रिया केलेल्या लगद्यात सुमारे ५० अंश सेल्सिअस तापमान व ५ च्या आसपास सामू राखून मिसळतात आणि दोन-तीन दिवस ढवळत ठेवतात. साखळीतील प्रत्येक बंध तुटताना पाण्याचा एक रेणू जोडला जात असल्याने १०० किलो सेल्युलोजपासून सिद्धांततः १११ किलो ग्लुकोज मिळते. प्रत्यक्ष उतारा त्याहून कमी असतो. हेमीसेल्युलोजपासून मिळणारे झायलोज मात्र नेहमीच्या किण्वाला (यीस्ट) आंबवता येत नाही, त्यासाठी बहुधा जनुकीय बदल केलेले किण्व वापरतात. हरियाणातील पानिपत येथे २०२२ मध्ये उद्घाटन झालेला इंडियन ऑइलचा प्रकल्प भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्यासाठी उभारलेला असून त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. शर्करा काढून घेतल्यावर उरणारे लिग्निन बॉयलरमध्ये जाळून प्रक्रियेची वाफ तयार करता येते.