साहेबांना खरंच आठवत नसतं का?

एप्रिलमध्ये अप्रेझलची पत्रं हातात पडली की व्हॉट्सॲपवर एक आलेख हमखास फिरायला लागतो. डावीकडे उंच डोंगर, त्यावर लिहिलेलं 'मूर्खपणाचं शिखर', पुढे दरी आणि मग हळूहळू चढण. म्हणे ज्याला सर्वांत कमी येतं, त्याचाच आत्मविश्वास सर्वांत उंच. खाली ओळ असते, 'तुमचा बॉस यात कुठे बसतो ते ओळखा.' सोबत डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या दोन मानसशास्त्रज्ञांची नावं, म्हणजे शंकाच नको.

त्यांच्या १९९९ च्या मूळ निबंधात हा डोंगर नाहीच. कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी तर्क, व्याकरण, विनोदाची जाण अशा चाचण्या दिल्या आणि 'इतरांच्या तुलनेत तू कितवा असशील?' असं विचारलं. तळाच्या पाव गटाचं खरं स्थान सरासरीने १२ व्या शतमकावर, म्हणजे शंभरांतल्या जेमतेम बारा जणांच्या वर होतं आणि त्यांना स्वतःला ते ६२ वर वाटत होतं. अंदाज सपशेल चुकला, पण ही मुलं स्वतःला वर्गातली सर्वांत हुशार समजत होती असं काही त्यात दिसत नाही. त्यातही या फरकाचा किती भाग माणसाच्या स्वभावाचा आणि किती निव्वळ संख्याशास्त्राचा, यावर पुढे बरंच रणकंदन झालं. फॉरवर्ड करणाऱ्यांना त्याचं काय!

कामात कच्चा माणूस साहेब होतोच कसा, याचं उत्तर तसं सोपं आहे. आपण बढती देतो ती खालच्या कामातल्या कौशल्यावर आणि ती देऊन बसवतो वरच्या, वेगळ्याच कामावर. लॉरेन्स पीटर यांनी १९६९ मध्ये हे अर्धवट थट्टेत मांडलं होतं. बेन्सन, ली आणि शू या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये १३१ कंपन्यांच्या विक्री विभागांची आकडेवारी तपासली, तेव्हा थट्टा खरी निघाली. सर्वांत जास्त माल विकणाऱ्याला मॅनेजर करण्याकडेच कल होता आणि मॅनेजर म्हणून तोच तुलनेने फिका पडत होता. हा विषय इथेच सोडू.

मला जास्त छळतो तो दुसरा प्रश्न. तुमची कल्पना, तुम्ही समोर बसलेले आणि साहेब डोळ्याची पापणीही न लववता सगळ्यांसमोर सांगतात, 'मी तेव्हाच म्हटलं होतं.' हा निगरगट्टपणा येतो कुठून?

एक प्रसंग कल्पून पाहू. एका दूध संघात उन्हाळ्यात संध्याकाळच्या टँकरमधलं दूध वारंवार नासतंय. प्रयोगशाळेतला केमिस्ट साहेबांना सुचवतो, 'लांबच्या रूटचा टँकर आधी सोडू, जवळचा नंतर.' साहेब म्हणतात, 'चालेल, पण चिलिंग सेंटरवर पाच वाजल्याशिवाय माणूस नसतो. साडेपाचला सोडा आणि मधला एक थांबा काढून टाका.' महिनाभराने संचालक मंडळापुढे साहेब सांगतात, 'मी रूट बदलला, नासाडी थांबली.' केमिस्ट जागच्या जागी लालबुंद.

आता साहेबांच्या डोक्यात काय झालं असेल ते बघा. मेंदू आठवण साठवताना तिच्यावर 'हे अमक्याने सांगितलं' अशी चिठ्ठी डकवत नाही. मानसशास्त्रज्ञ मार्सिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हा सिद्धांत सविस्तर मांडला. मजकुराची आठवण वेगळी आणि त्या मजकुराच्या उगमाची आठवण वेगळी. उगम आपल्याला मुळी 'आठवत' नाही. तो आपण दर वेळी नव्याने ताडतो. कशावरून? तर आठवणीला चिकटलेल्या खुणांवरून. दुसऱ्याकडून ऐकलेल्या गोष्टीला आवाजाच्या, चेहऱ्याच्या, जागेच्या खुणा असतात. स्वतः विचार करून काढलेल्या गोष्टीला डोकं चालवल्याच्या, पर्याय तोलल्याच्या खुणा असतात. या सुट्या तुकड्यांची मोट बांधायचं काम हिप्पोकॅम्पस हा मेंदूच्या आतला भाग करतो आणि 'हे आलं कुठून?' याची छाननी प्रामुख्याने कपाळामागचा अग्रभाग करतो. छाननी किती कडक असावी हेही ठरलेलं नसतं. घाई असेल, लक्ष दहा ठिकाणी असेल, तर निकष सैल होतो आणि नुसत्या ओळखीच्या वाटण्यावर निकाल लागतो. वयानुसारही मजकुरापेक्षा उगमाची आठवण अधिक वेगाने खालावते.

दुधाकडे परत येऊ. साहेबांनी केमिस्टची कल्पना नुसती ऐकली नाही, ती सुधारली. म्हणजे परक्या कल्पनेवर स्वतःच्या विचाराच्या खुणा उमटवल्या. महिनाभरात केमिस्टचा आवाज पुसट झाला, पण 'साडेपाच' आणि 'मधला थांबा' शोधताना केलेली डोकेफोड टिकली. मेंदूने खुणा तपासल्या आणि कौल दिला, आपलीच.

हे माझ्या मनाचे मांडे नाहीत. स्टार्क आणि परफेक्ट या ब्रिटिश संशोधकांनी २००६ मध्ये नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. रोजच्या वापरातल्या साध्या वस्तूंचे वेगळे उपयोग लोकांना गटात बसून सुचवायला सांगितले. मग त्यातल्या काही कल्पना फक्त डोळ्यांसमोर आणायला लावल्या आणि काहींमध्ये सुधारणा करायला लावल्या. आठवड्याने विचारलं, 'तुम्ही स्वतः काय सुचवलं होतं तेवढंच सांगा.' दुसऱ्यांच्या ज्या कल्पना सुधारल्या होत्या, त्या लोकांनी कितीतरी जास्त वेळा आपल्या म्हणून सांगितल्या. नुसत्या डोळ्यांसमोर आणलेल्या कल्पनांच्या बाबतीत तसं झालं नाही. आणि हाताखालच्यांच्या प्रस्तावात दुरुस्त्या करणं हेच तर साहेबांचं दिवसभराचं काम! श्रेय लाटायला यापेक्षा सुपीक जमीन कुठली असणार?

आपल्याकडे याचं निदान वेगळंच होतं. पत्रिकेत दशमात शनी आहे म्हणून साहेब छळतात. मग शनिवारी तेल वाहा, टेबलाचं तोंड पूर्वेला करा. टेबल जरूर फिरवा, पाठीवर उन्हाची तिरीप येत असेल तर बरंच वाटेल. साहेबांचा हिप्पोकॅम्पस मात्र दिशा बघून चालत नाही.

कारण उगमाच्या खुणा पुसट होण्याचं असेल, तर उपायही तिथेच हवा. तीन महिन्यांनी केबिनमध्ये जाऊन 'सर, ती कल्पना माझी होती' म्हणण्यात अर्थ नाही. एव्हाना त्यांची आठवण त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार असते आणि तुम्हीच खोटे ठरता. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका, 'आज मी मांडलेल्या रूटच्या प्रस्तावात आपण सुचवलेले दोन बदल केले आहेत.' कोणाचं काय हे त्यात तारखेसकट येतं आणि साहेबांचा वाटाही मान्य होतो, त्यामुळे मेल बोचत नाही. दुसरं म्हणजे, मीटिंगमध्ये साहेबांच्या अगदी आधी बोलू नका. आपली पाळी यायच्या बेतात असताना आधीच्याचं बोलणं डोक्यात नीट उतरत नाही, हे १९७३ पासून माहीत आहे.

पण सगळ्याच साहेबांना विस्मरणाची सवलत देऊन कसं चालेल? यासाठी एक कसोटी मला फार आवडते. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये नवराबायकोंना वेगवेगळं बसवून घरातल्या कामांमधला आपापला वाटा विचारला. दोघांची बेरीज बहुतेक कामांत शंभर टक्क्यांवर गेली, हे अपेक्षितच होतं. गंमत अशी की भांडण उकरून काढण्यासारख्या नावडत्या गोष्टींतही लोक आपलाच वाटा जास्त सांगत होते. आपण केलेलं आपल्याला जास्त आठवतं, मग ते बरं असो की वाईट. म्हणजे साहेबांची चूक निव्वळ स्मृतीची असेल, तर फसलेल्या योजनाही त्यांनी अधूनमधून स्वतःच्या नावावर घ्यायला हव्यात. यशच तेवढं 'मी' आणि अपयश 'तुम्ही लोक' असेल, तर तिथे हिप्पोकॅम्पसला दोष देऊ नका.

अशा वेळी कागदच कामाला येतो. क्षयावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सापडलं. तळघरातल्या प्रयोगशाळेत ते वेगळं काढणारा अल्बर्ट शॅट्झ होता विद्यार्थी आणि सेल्मन वॅक्समन त्याचे मार्गदर्शक. वॅक्समन मुळीच नालायक नव्हते, मातीतल्या सूक्ष्मजीवांचे ते मोठे जाणकार होते. पण औषध गाजलं तशी जगभर वाहवा त्यांची झाली आणि शॅट्झ मागे पडला. १९५० मध्ये त्याने सरळ दावा लावला. १९४४ च्या शोधनिबंधावर पहिलं नाव शॅट्झचं होतं आणि पेटंटच्या अर्जावर सहसंशोधक म्हणून दोघांच्याही सह्या होत्या. प्रकरण तडजोडीने मिटलं. शॅट्झला सहसंशोधक म्हणून कायदेशीर मान्यता आणि रॉयल्टीतला ३ टक्के हिस्सा मिळाला. दोन वर्षांनी नोबेल जाहीर झालं ते एकट्या वॅक्समनना. आणि मार्गदर्शकाला कोर्टात खेचणारा म्हणून नाव झालेल्या शॅट्झला मोठ्या प्रयोगशाळांनी नंतर दारात उभं केलं नाही.