कात्रजचा नळ: पुण्याच्या पाण्याची पार्श्वभूमी

अठराव्या शतकात पुण्यात पेठांमागून पेठा वसत गेल्या आणि पाणी अपुरं पडू लागलं. मुठा नदी गावाच्या कडेने वाहणारी, पण सखल. तिचं पाणी वर चढवायचं म्हणजे माणसाचा नाहीतर बैलाचा जीव काढायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, याला उत्तर सापडलं ते दक्षिणेच्या डोंगरात. कात्रज शहरापेक्षा उंचावर आहे. तिथे तलाव बांधले, गाळ मागे राहील अशी सोय केली आणि निवळलेलं पाणी चुनेगच्ची दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. हा नळ बऱ्याच ठिकाणी माणूस आत उतरून चालू शकेल एवढा मोठा आहे. पाणी ओढायला कसलंही यंत्र नाही, सगळी भिस्त उतारावर.

खरी करामत मात्र वाटेतल्या उच्छ्वासांची. नळावर ठरावीक अंतराने दगडी मनोरे उभारले, वरून उघडे. बंद नळात उंचवट्याच्या जागी हवा कोंडली की प्रवाह अडतो. इथे तिला बाहेर पडायला वाट मिळते. दाब वाढला की पाणी मनोऱ्यात वर चढतं, त्यामुळे चुन्याचे सांधे फुटत नाहीत. पाण्याचा वेग मंदावतो तिथे गाळ खाली बसतो आणि तो काढायला माणूस त्याच तोंडातून आत उतरतो. युरोपात डॅनियल बर्नुली यांचा दाब आणि वेगाचा संबंध मांडणारा ग्रंथ १७३८ मध्ये निघाला होता. इकडच्या गवंड्यांनी तो पाहिला असण्याची शक्यता नाही. त्यांचं ज्ञान हातातलं होतं, आणि मला ते तितक्याच तोलाचं वाटतं.

काळा हौद, बदामी हौद, फडके हौद याच पाण्यावर भरत. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावहून सदाशिव पेठेत आणि सरदार रास्त्यांनी कोंढव्याहून आपल्या पेठेत स्वतंत्र नळ आणले.

१८७९ मध्ये खडकवासला धरण पुरं झालं, घरोघरी तोट्या आल्या आणि हौद मागे पडले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, खडकवासलाही गेलं, तेव्हा या जुन्या पाण्याची शहराला पुन्हा आठवण झाली. आज कित्येक उच्छ्वास इमारतींच्या आवारात अडकलेत, काही बुजलेत. तोंड बुजलं की गाळ उपसता येत नाही आणि मागचा सगळा नळ तुंबतो. म्हणून बांधकामाचा नकाशा मंजूर करताना त्यावर नळाची रेघ आणि उच्छ्वासांच्या जागा दाखवणं सक्तीचं व्हायला हवं.